दगडी घोड्याची चाल

माझ्या नातीच्या फोनला सगळं सापडतं म्हणे. नुसतं गुणगुणायचं, फोन ऐकतो आणि गाण्याचं नाव सांगतो. परवा तिनं हट्टच धरला की नानी, तुझी ती चाल म्हण. मी म्हटली. फोननं ऐकली, जरा वेळ घेतला आणि सापडत नाही म्हणाला. परत म्हटली, परत तेच. शेवटी नातीनं ठरवून टाकलं की वयामुळे नानीचा सूर हलतोय. सूर हलतोय म्हणे, डोंबल! क्लॅरिनेटवाल्याची पोर आहे मी. गुडघे हलतात, सूर हलत नाही.

एक तर त्या चालीला शब्दच नाहीत. सिनेमातली नुसती वाजवलेली चाल ती. शब्द असते तर कुणीतरी ओळ तरी सांगितली असती. आणि दुसरं असं, की ती म्हणताना मी एका जागी तीनदा अडखळते. मुद्दाम अडखळते. न अडखळता सरळ म्हटली तर त्या फोनला एका दमात सापडेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मी तशी म्हणणार नाही.

आम्ही जुन्नरचे. मी दहा-अकरा वर्षांची असेन, म्हणजे पन्नास सालानंतरची दोन-चार वर्षं धरा. अब्बा कल्हईवाले होते. दारातच भट्टी, भात्यावर अम्मा, आणि भांडी घासायला मी. घासायला म्हणजे हातानं नव्हे. मोठी पातेली असली की त्यात वाळू टाकायची, आत उभं राहायचं, कडेला धरायचं आणि पायानं गरागरा फिरायचं. माझ्या तळव्यांची कातडी तेव्हा जी गेली ती गेलीच. मग अब्बा भांडं तापवायचे, नवसागर टाकायचे, पांढरा धूर उठायचा, त्यात कथील फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्यानं असं पुसायचे की आतून चांदीच. ते काम वर्षभर. आणि लग्नसराईत अब्बा लाल कोट घालून बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे.

कल्हईवाला ही त्यांची ओळख लोकांनी दिलेली. त्यांना विचारलं तर ते फक्त वाजवणारे होते. घरात आमची बोली वेगळी, पण वाद्याचं काही बोलायचं झालं की अब्बा मराठीतच बोलायचे, कारण बँडमधलं सगळं बोलणं मराठीत चालायचं. क्लॅरिनेट बँडमध्ये एकच. तेही अब्बांचं नव्हे, बँडच्या मास्तरांचं. पण घरी आणू द्यायचे, तेवढा विश्वास होता. अम्मा ते कपाटात नमाजाच्या चटईशेजारी ठेवायची, यावरून काय ते समजा.

त्या वर्षी नदीकडच्या माळावर तंबूतला सिनेमा आला. दिवाळीनंतर यायचा आणि पावसाच्या आधी जायचा. त्यात एक जादूचा सिनेमा लागला आणि तो हलेचना, इतका चालला. किल्ल्याच्या दारात एक दगडी घोडा असतो. राजकन्येला आंधळी करून जादूगारानं कोंडलेलं असतं. ती चाचपडत येते, घोड्याच्या मानेला मिठी मारून रडते आणि तो दगडाचा घोडा तिला घेऊन उडतो. तेव्हा ती चाल वाजते. आधी खालून, जड जड, जमीन हलल्यासारखी, मग एकदम सारंग्या की काय त्या वर चढतात, चढतच राहतात. मी तोवर सनई, ताशा आणि आमचा बँड एवढंच ऐकलेलं. एवढी वाद्यं एका वेळी वाजू शकतात हे मला माहीत नव्हतं. बायकांच्या बाजूला अम्माला चिकटून बसले होते आणि मला रडू फुटलं. राजकन्येसाठी नव्हे हो. त्या आवाजानं.

अब्बांनी सिनेमा एकदाच पाहिला. पण चाल त्यांनी रोज ऐकली, फुकट. तंबूवाले संध्याकाळी दिवस कलला की खेळाची वर्दी म्हणून त्याच चालीची तबकडी लावायचे आणि खांबावरच्या कर्ण्यातून ती पार आमच्या गल्लीपर्यंत यायची. अब्बा भट्टी विझवून माळावर जाऊन उभे राहायचे. मी बरोबर. ते डोळे मिटून बोटांवर वाद्यं मोजायचे. एकदा म्हणाले, चाळीसेक माणसं असतील, आणि बघ, सगळी एकदम श्वास घेतात. मग घरी येऊन ते त्या चाळीस माणसांचं एकट्यानं वाजवायला बसायचे.

आता अडखळण्याचं सांगते. घोडा उडतो त्या जागी, म्हणजे सूर वर चढायच्या ऐन तोंडावर, कर्ण्यातून येणारी चाल मागं यायची. तोच तुकडा परत. पुन्हा मागं, पुन्हा तोच. असं तीनदा, आणि मग सुटायची ती थेट आभाळात. ट्रंपेटवाला अब्बांना म्हणाला की तबकडीला चरा असणार, सुई अडकते. अब्बा चिडले. सुई अडकली तर कधी दोनदा अडकेल, कधी पाचदा. रोज मोजून तीनदाच कशी अडकते? मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "घोडा दगडाचा हाय. त्यो पयल्या फटक्यात कसा उडंल? तीनदा आपटनार, मग उडनार. ज्यानं बांधली त्याला कळलं व्हतं."

सिनेमात मात्र घोडा अडखळत नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. मला आठवत होतं. अब्बांकडे त्यालाही उत्तर होतं. तंबूत येतात ती रिळं जुनी, ठिकठिकाणी तुटलेली आणि जोडलेली, त्या जागी तर चित्रसुद्धा उडी मारत होतं आणि लोकांनी शिट्ट्या घातल्या होत्या. म्हणजे तिथलं कापलं गेलं. तबकडी कुणी कापत नाही. मला ते पटलं. अजूनही वाटतं की मला कुणी तसं समजावलं तर मी परत फसेन.

अब्बांनी ती चाल बँडला शिकवली, तीन ठेचांसकट. आणि काय सांगू, तालुका वेडा झाला. लग्नाआधीचा परण्या निघायचा, नवरदेव घोडीवर, आणि लोक ओरडायचे, घोड्याची चाल घ्या, घोड्याची चाल. पहिली ठेच आली की सगळी वरातच जागच्या जागी थांबायची आणि पाय आपटायची. दुसरीला परत. तिसरीला म्हातारेसुद्धा आपटायचे. मग अब्बांचं क्लॅरिनेट एकटंच वर जायचं, सगळ्यांच्या डोक्यावरून, आणि ढोल मागून तुटून पडायचा. भाड्याच्या एका घोडीला तर इतकी सवय झाली की ती आपणहून तीनदा थबकायची. ओतूर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर, कुठून कुठून बोलावणी यायची. लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, घोडेवाल्याची पोर ना गं तू? कल्हईवाल्याची म्हणायचे ते घोडेवाल्याची म्हणायला लागले होते. अब्बांना याचा केवढा आनंद व्हायचा, ते वरून दाखवायचे नाहीत, पण त्या दिवशी चहा दोनदा मागायचे.

आणि मग त्यांचे दात हलायला लागले.

क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे वरचे पुढचे दोन दात म्हणजे त्याचं सगळं. वाद्याचं काळं तोंड त्या दातांवर टेकतं आणि खालचा ओठ त्याची वाजणारी पत्ती धरतो. दात हलला की सूर हलतो. अम्मा पुढे म्हणायची की नवसागराच्या धुरानं खाल्ले, खरं-खोटं अल्लाला ठाऊक. मला कळलं ते भाकरीवरून. अब्बा भाकरी चहात बुडवून खायला लागले, शेंगदाणे माझ्या ताटात सरकवायला लागले. एक दिवस मी आत गेले तर आरशासमोर बसून दाताला दोरा बांधत होते, शेजारच्या दाताला गुंतवून, जसं मोडक्या टोपलीला बांधतात तसं. मला पाहून लपवलं नाही. एवढंच म्हणाले की अम्माला सांगू नको, आणि मास्तरांच्या कानावर गेलं तर क्लॅरिनेट दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडात असेल. मी नाही सांगितलं. सांगायला हवं होतं का, हे मी साठ-सत्तर वर्षं स्वतःला विचारतेय आणि अजून ठरत नाही.

वाद्याच्या तोंडाला त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, म्हणजे दाताला दणका बसू नये. त्यानं थोडे दिवस निभावलं. सरळ चाली जायच्या. पण घोडा उडतो तो वरचा सूर दात आवळल्याशिवाय निघत नाही. लग्नागणिक ते तो सूर जरा जरा खाली घ्यायला लागले होते. लोकांना कळायचं नाही. मला कळायचं, आणि मला कळतंय हे त्यांना कळायचं.

आणे पठारावर एक मोठं लग्न निघालं. मुलाचे वडील स्वतः आमच्या दारी आले होते, बँड ठरवायला नव्हे, तो मास्तरांकडे ठरलाच होता. ते खास अब्बांना सांगायला आले की आमच्या पठारावर तुमचा घोडा अजून उडाला न्हाई, तेवढा उडवा. शिवाय लग्नाच्या मोठ्या भांड्यांची कल्हईही आम्हालाच दिली. म्हणून अम्मा आणि मी बरोबर गेलो. आळ्यापर्यंत मोटारीनं, पुढे त्यांनी पाठवलेल्या बैलगाडीतून घाट चढून वर. तिथं झाडं कमी, वारा मात्र असा की भट्टीला भाता लागेना.

दोन दिवस भांडी. मी एकेका हंड्यात उभी राहून फिरत होते आणि वरून मला फक्त आभाळाचा वाटोळा तुकडा दिसायचा. परण्याच्या दिवशी दुपारपर्यंत अब्बा धुरात बसले होते. अम्मा म्हणाली, आता पुरे, तोंड धुवा, दम घ्या, तिला तेव्हा दाताचं ठाऊक नव्हतं, नुसतं दमलेले दिसत होते म्हणून. अब्बांनी शेवटचं पातेलं पुसलं, मला आत बघायला सांगितलं. माझं तोंड स्वच्छ दिसत होतं. मग त्यांनी लाल कोट चढवला आणि ओसरीच्या मागं जाऊन दोरा नवा बांधला. मी कोटाची बटणं लावून दिली. त्यांचे हात काळे होते आणि कोट मास्तरांचा होता, म्हणून.

ऊन उतरल्यावर परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला. गाव लहान, पण पठारावरची सगळी वस्ती आलेली. दोन चाली झाल्या आणि ओरडा सुरू झाला, घोडा, घोडा. मास्तरांनी हात वर केला. अब्बांनी सुरुवात केली, ती खालची जड चाल, आणि मला वाटलं, आज जमतंय. खरंच वाटलं. पहिली ठेच आली, पठारानं पाय आपटला. दुसरी. तिसरी. मग अब्बांनी श्वास घेतला आणि वर गेले, आणि सूर फाटला. चिमणी पायाखाली आल्यासारखा एवढासा आवाज, आणि नुसती हवा.

अब्बा मागं आले. त्यांनी तोच तुकडा परत घेतला, जणू ठेचच आहे. लोकांनी परत पाय आपटला आणि हसले. ते पुन्हा वर गेले. पुन्हा हवा. पाचवी ठेच. लोकांना वाटलं, आमच्या पठारासाठी यांनी काहीतरी नवी गंमत काढली, आणि ते खुळ्यासारखे नाचायला लागले. सहावी. मी गर्दीत अम्माचा हात धरून उभी होते आणि मला ओरडायचं होतं, अरे थांबा, गंमत नाही ही, माणूस पडतोय. त्या हसणाऱ्या लोकांचा मला तेव्हा जो राग आला तो आजही आहे. त्यांची काही चूक नव्हती, हे कळतं. तरी आहे.

मास्तर जुने होते. त्यांनी अब्बांकडे एकदा पाहिलं आणि ट्रंपेटवाल्याला बोट केलं. ट्रंपेटनं वरचा सूर उचलला, ढोल तुटून पडला, घोडा उडाला. गुलाल उधळला गेला. अब्बांनी वाद्य खाली घेतलं, बाहीनं तोंड पुसलं. कोट लाल होता, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. दात त्यांच्या मुठीत होता, तो मी परतीच्या गाडीत पाहिला.

आठवड्यानं मास्तर आमच्याकडे आले. चहा घेतला, अम्माची चौकशी केली, नदीच्या पाण्याबद्दल बोलले. मग कपाटाकडे न बघता म्हणाले, "भाई, वाद्य बँडचं हाय. तुमी मनाला लावून घिऊ नका." अब्बांनी क्लॅरिनेट स्वतः पुसून दिलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोलून काढला. कोट अम्मानं धुऊन ठेवला होता, तोही दिला. पुढं कधीतरी पुण्याहून कवळी आली, पण कवळीवर वाद्य टेकत नाही, घसरतं. हे त्यांनी उसनं क्लॅरिनेट आणून एकदाच करून पाहिलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे राहिली होती. मास्तरांनी नवा मुलगा घेतला आणि त्यालाही तीच चाल वाजवावी लागली, तीन ठेचांसकट, कारण लोक दुसरं मागतच नव्हते. अब्बा भट्टीवर बसून लांबून ऐकायचे आणि मान डोलवायचे. म्हणायचे, वाजवणारा कुणीही असो, चाल आपली हाय. हा तालुका ती माझ्याकडून शिकला. खरंच होतं ते. तंबू पुढच्या वर्षी आलाच नाही. ती तबकडी कुठं गेली कुणाला माहीत नाही. चाल फक्त जुन्नर-आंबेगावातल्या लग्नांत उरली होती आणि ती अब्बांनी ठेवली म्हणून उरली होती.

साल आठवत नाही, पण मोटारस्टँडजवळच्या हॉटेलात रेडिओ नवाच आलेला. अब्बा मला घेऊन कथील आणायला निघाले होते, मोटारीला वेळ होता, म्हणून आम्ही चहाला बसलो. रेडिओवर काहीतरी चालू होतं. आणि एकदम ती खालची जड चाल सुरू झाली. अब्बांनी बशी खाली ठेवली. माझा हात धरला. चाळीस माणसं, सगळी एकदम श्वास घेणारी, माळावरच्या कर्ण्यातून कधी ऐकू आली नव्हती इतकी स्वच्छ. मला तंबू दिसला, अम्माचं लुगडं, माळावरची धूळ, अब्बांची बोटं. मी पुन्हा रडायच्या बेतात होते. ती जागा जवळ आली. अब्बांचा पाय टेबलाखाली आपटायला तयार होता, मला कळत होतं.

चाल थांबलीच नाही. एकदाही नाही. पहिल्याच फटक्यात वर गेली आणि जातच राहिली.

अब्बांचा पाय तसाच राहिला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्या क्षणी मला सगळं कळलं, की तंबूत आत बसलेला कुणी ऑपरेटर रोज विडी ओढत असणार, सुई अडकली की तिसऱ्या वेळी त्याचा हात पोचत असणार आणि तो बोटानं ढकलत असणार. एवढंच होतं ते. मला कळलं म्हणजे अब्बांनाही कळलंच असणार. तरी मी घाईघाईनं म्हटलं, "रेडिओवाल्यांनी कापलं असंल, अब्बा. तंबूतल्यासारखं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहान मूल काही खाऊ पुढं करतं आणि आपण तो खाल्ल्यासारखं करतो ना, तशी मान हलवली. चाल संपली, रेडिओवर बातम्या लागल्या. मग ते म्हणाले, "दगडाचा असून त्यो अडखळला न्हाई. पाडला आमीच." आणि आमची मोटार गेली.

त्या लग्नसराईत पहिलंच लग्न आमच्या गल्लीवरून गेलं. दुपारची वेळ, भट्टी पेटलेली, अम्मा भात्यावर, अब्बांच्या हातात तापलेलं पातेलं. बँड वळणावर आला आणि नव्या मुलानं घोड्याची चाल धरली. तो मुद्दाम आमच्या दारासमोर वाजवायचा, उस्तादांचा मान म्हणून. अब्बा उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दिवसाउजेडी आमचं दार लागलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. धूर आतच कोंडला. अम्मा खोकायला लागली, मी खोकायला लागले. बाहेर पहिली ठेच आली, लोकांनी पाय आपटले. दुसरी आली. तिसरी आली. अब्बा दाराला पाठ लावून उभे होते आणि दरवेळी आमचं दार त्यांच्या पाठीवर हादरत होतं. मग घोडा उडाला, ढोल पुढच्या गल्लीत गेला. त्यांनी दार उघडलं. तोवर पातेल्यातलं कथील जळून काळं पडलं होतं. अब्बांनी ते गार होऊ दिलं, त्यात वाळू टाकली आणि माझ्यापुढं सरकवलं.